पै (नाणे)

पै हे ब्रिटिशकालीन भारताच्या चलनातील सर्वांत लहान मूल्याचे नाणे होते. एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे आणि एका पैशाच्या ३ पै, अशी मांडणी असल्यामुळे एका आण्यात १२ व एका रुपयात १९२ पै होत. नाण्यावर मात्र 'पै' असे नाव न छापता 'एक द्वादशांश आणा' या अर्थाचे इंग्रजी मूल्य छापले जाई. हे नाणे १९०६ पर्यंत तांब्याचे व त्यानंतर कांस्याचे होते. त्याची पाडणी १९४२ मध्ये थांबली आणि १९४७ मध्ये ते चलनातून बाद झाले. हिशेबाचे एकक म्हणून पै त्यानंतरही दहा वर्षे, म्हणजे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती लागू होईपर्यंत, भारतातील कागदोपत्री टिकून होती.

एका पैमध्ये विकत घेता येईल अशा वस्तू थोड्या होत्या. तरीही मीठ, रेल्वेचा तिसरा वर्ग, पतपेढीचे व्याज, प्राप्तिकर अशा अनेक गोष्टींचे दर पैंत ठरत किंवा पैंपर्यंत मोजावे लागत. त्यामुळे या नाण्याचा इतिहास नाणेशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही. तो अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या हिशेबाचाही इतिहास आहे.

नाव आणि अर्थ

'पै' हा शब्द 'पाव' या शब्दाप्रमाणेच संस्कृत 'पाद', म्हणजे चौथा भाग, या शब्दाशी जोडला जातो. हिंदीत त्याचे रूप 'पाई' असे आहे. चौथाई असा मूळ अर्थ असलेला शब्द पुढे आण्याच्या बाराव्या भागासाठी रूढ झाला, ही त्यातील विसंगती आहे. ती समजण्यासाठी बंगाल इलाख्याची जुनी तांब्याची नाणी पाहावी लागतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे पाडलेल्या नाण्यांवर फारसी, बंगाली व नागरी अशा तीन लिप्यांत 'एक पाई सिक्का' असे लिहिलेले असे. ही 'पाई' म्हणजे पाव आणा, अर्थात एक पैसा. पुढे तिहेरी विभागणी आल्यावर हेच नाव पैशाच्या तिसऱ्या हिश्श्याकडे गेले. म्हणून जुन्या बंगाली नाण्यांच्या वर्णनात 'पाई' हा शब्द आला, तर कोणते मूल्य अभिप्रेत आहे हे तपासून घेणे आवश्यक ठरते.

आण्याचे बारा भाग का केले, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. रुपया, आणा व पैसा यांची देशी विभागणी चारच्या पटीत चालते: चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया. तीनचा भाग त्यात कोठेही येत नाही. इंग्रजी चलनात मात्र शिलिंगाचे बारा पेन्स होत. आण्याच्या बारा पै आणि शिलिंगाचे बारा पेन्स यांतील साम्य उघड आहे. पौंड-शिलिंग-पेन्स अशा तीन स्तंभांत हिशेब लिहिण्याची सवय असलेल्या कंपनीच्या कारकुनांना रुपये-आणे-पै ही मांडणी परकी वाटण्याचे कारण नव्हते.

ज्ञानेश्वरीसारख्या जुन्या मराठी ग्रंथांत वारंवार आढळणारा 'पैं' हा पादपूरक निपात आहे. त्याचा या नाण्याशी संबंध नाही.

कंपनी काळातील पै

ईस्ट इंडिया कंपनीच्या तिन्ही इलाख्यांत सुरुवातीला वेगवेगळी तांब्याची नाणी चालत. मद्रास इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'कॅश' या एककाची नाणी होती. १८२५ च्या सुमारास तेथे एक, दोन व चार पैंची नाणी निघाली. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकाच्या प्रारंभी पाडलेल्या पैवर एका बाजूस कंपनीचे राजचिन्ह आणि दुसऱ्या बाजूस तराजू होता. तराजूच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय, हा शब्द कोरलेला असे. तराजूचे हे चिन्ह मुंबईच्या तांब्याच्या नाण्यांवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून होते. वाफेच्या यंत्रांवर चालणारी मुंबईची टांकसाळ याच सुमारास सुरू झाली होती. त्यामुळे हातोड्याने ठोकलेल्या ओबडधोबड नाण्यांच्या जागी एकसारख्या गोलाईची व वजनाची नाणी मोठ्या संख्येने काढणे शक्य झाले.

महाराष्ट्रात त्या वेळी शिवराई आणि तिच्या दुप्पट मूल्याचा ढबू पैसा ही तांब्याची नाणी लोकांच्या हाती होती. या नाण्यांचा रुपयाशी असलेला भाव कायम नसे. गाव, हंगाम, नाण्याची झीज आणि सराफाची मर्जी यांनुसार एका रुपयाला कमी-जास्त शिवराया मिळत. मोडीचा बट्टा सराफ ठरवी. ज्याचा व्यवहार रुपयांत चाले त्याला या चढउताराची झळ क्वचितच लागे. ज्याची मजुरी तांब्यात मिळे आणि सारा किंवा कर्ज रुपयांत फेडावे लागे, त्याचे मात्र दोन्हीकडून नुकसान होई.

१८३५ च्या कायद्यांनी कंपनीच्या प्रदेशात १८० ग्रेन वजनाचा एकच चांदीचा रुपया प्रमाण मानण्यात आला. तांब्याच्या नाण्यांची वजनेही ठरवण्यात आली: अर्ध्या आण्याचे २०० ग्रेन, पाव आण्याचे म्हणजे पैशाचे १०० ग्रेन आणि पैचे ३३⅓ ग्रेन, म्हणजे सुमारे २.१६ ग्रॅम. या नाण्यांच्या एका बाजूस सिंहांनी धरलेले कंपनीचे राजचिन्ह व सन, तर दुसऱ्या बाजूस वेलपट्टीत मूल्य आणि कंपनीचे नाव असे. सामान्य माणसाच्या दृष्टीने वजनापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. १९२ पैंचा एक रुपया हे प्रमाण आता कायद्याने बांधले गेले. अर्थात कागदावरील प्रमाण बाजारात उतरण्यास बराच काळ लागला आणि शिवराया पुढे कित्येक दशके खेड्यापाड्यांतून फिरत राहिल्या.

या नाण्यांतील धातूची किंमत दर्शनी मूल्यापेक्षा कमी होती. अशा नाण्याला सांकेतिक नाणे म्हणतात. त्याचे मूल्य धातूत नसते, तर ते सरकार स्वीकारील या विश्वासात असते. म्हणून तांब्याच्या नाण्यांत मोठी रक्कम स्वीकारण्याचे बंधन कोणावरही नव्हते; १९०६ च्या नाणे कायद्याने ही मर्यादा एका रुपयापर्यंत ठरवली होती. एक रुपयाहून मोठे देणे पैंच्या गठ्ठ्यांनी फेडायचे असे कोणी ठरवले, तर धनको ते नाकारू शकत असे.

राणीच्या छापापासून कांस्यापर्यंत

१८५८ मध्ये कंपनीची सत्ता संपली आणि १८६२ पासून नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीचा मुकुटधारी अर्धपुतळा आला. १८७६ पर्यंतच्या नाण्यांवर तिचा उल्लेख राणी असा, तर १८७७ पासून सम्राज्ञी असा आढळतो. त्यानंतर सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज व सहावा जॉर्ज यांच्या छापाच्या पै निघाल्या. आठव्या एडवर्डची कारकीर्द वर्षभरही टिकली नाही; त्याच्या छापाची भारतीय पै चलनात आली नाही.

मागील बाजूची रचना सुमारे ८० वर्षे जवळजवळ तशीच राहिली: मध्यभागी अपूर्णांकातील मूल्य, 'इंडिया' हे नाव, सन आणि भोवती नक्षी. हा सर्व मजकूर केवळ इंग्रजीत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निकेलमिश्रित धातूचा नवा आणा निघाला, तेव्हा त्यावर नागरीसह चार भारतीय लिप्यांत मूल्य लिहिले गेले. पै मात्र अखेरपर्यंत इंग्रजीच राहिली. जे नाणे अक्षरओळख नसलेल्या लोकांच्या हाती सर्वाधिक जाई, त्यावरच त्यांना वाचता येणारे एकही अक्षर नव्हते. ते ओळखले जाई आकारावरून. पैचा व्यास सुमारे १७.५ मिलिमीटर होता. तिच्याहून थोडे मोठे, दीड पै मूल्याचे अर्ध्या पैशाचे नाणेही त्याच रंगाचे व त्याच छापाचे असल्याने घाईत किंवा अंधारात त्या दोहोंत गफलत होणे सहज शक्य होते.

१९०६ मध्ये तांब्याऐवजी कांस्य, म्हणजे तांब्यात थोडे कथील व जस्त मिसळलेला धातू, वापरण्यास सुरुवात झाली. कांस्य तांब्यापेक्षा कठीण असल्याने नाणे कमी झिजते. त्याच वेळी पैचे वजन ३३⅓ ग्रेनवरून २५ ग्रेन, म्हणजे सुमारे १.६२ ग्रॅम, करण्यात आले. पूर्वी १९२ पैंचे, म्हणजे एका रुपयाच्या मोडीचे, वजन ६,४०० ग्रेन किंवा साडेपस्तीस तोळ्यांहून किंचित अधिक भरे. आता ते ४,८०० ग्रेन, म्हणजे पावणेसत्तावीस तोळ्यांच्या आत आले. वजनात एक चतुर्थांश घट होऊनही नाण्याचे मूल्य बदलले नाही, यावरून त्याचे सांकेतिक स्वरूप स्पष्ट होते.

गोव्यातील पोर्तुगीज चलनातही या विभागणीचे प्रतिबिंब पडले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर तेथील रुपया ब्रिटिश भारताच्या रुपयाशी जुळवून घेण्यात आला व त्याचे १६ तांगा झाले. करार १८९२ मध्ये संपुष्टात आल्यानंतरही ही विभागणी टिकली. राजा पहिला कार्लोस याच्या काळात १९०१ व १९०३ या सनांची एक द्वादशांश तांग्याची कांस्य नाणी निघाली. ती मूल्याने पैशी समकक्ष होती.

पैंत मोजलेले जीवन

दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या भारताच्या दारिद्र्याविषयीच्या निबंधात १८६७ ते १८७० या काळातील दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये असल्याचा अंदाज मांडला. २० रुपये म्हणजे ३,८४० पै. वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागल्यास एका दिवसाला साडेदहा पै येतात. पुढे १८८२ च्या सुमारास सरकारी पातळीवर २७ रुपयांचा अंदाज करण्यात आला. त्यानुसारही दिवसाला सव्वाचौदा पैंहून अधिक पडत नाहीत. म्हणजे सरासरी माणसाचा दिवस एका आण्याच्या आगेमागेच उलगडत होता. अशा उत्पन्नात एका पैचा फरक हा दिवसाच्या मिळकतीचा दहावा ते चौदावा भाग ठरतो.

मिठावरील कराकडे या दृष्टीने पाहिले असता तो वाद अधिक चांगला समजतो. कर मणावर आकारला जाई आणि ४० शेरांचा मण धरला जाई. १८८८ मध्ये कराचा दर मणास अडीच रुपये झाला. अडीच रुपये म्हणजे ४० आणे. तेव्हा शेरामागे बरोबर एक आणा, अर्थात १२ पै, कर पडे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळातील आपल्या अर्थसंकल्पीय भाषणांतून हा कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरत १९०७ मध्ये मणास एक रुपयावर, म्हणजे शेरास पाच पैंच्या खाली आला. १९१६ मध्ये तो सव्वा रुपया, म्हणजे शेरास सहा पै, झाला. १९२३ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी कायदेमंडळाचा विरोध डावलून तो दुप्पट केला. शेरामागे पुन्हा बारा पै झाल्या. पुढच्याच वर्षी ही वाढ मागे घ्यावी लागली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी जो कर होता तो शेरास सहा पै, म्हणजे अर्धा आणा, इतका होता. हा दर श्रीमंत व गरीब दोघांना सारखाच लागू असे.

प्राप्तिकराचा दर तर थेट पैंतच सांगितला जाई. १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यानुसार वार्षिक ५०० रुपयांपासून २,००० रुपयांच्या आतील उत्पन्नावर रुपयास चार पै आणि २,००० रुपये व त्यावरील उत्पन्नावर रुपयास पाच पै असा कर होता. १,००० रुपये वार्षिक वेतन असलेल्या नोकरदारास ४,००० पै, म्हणजे २० रुपये १३ आणे ४ पै, भरावे लागत. टक्केवारीत हा दर अनुक्रमे सुमारे २.१ व २.६ इतका येतो. 'रुपयास इतक्या पै' ही भाषा टक्केवारीपेक्षा लोकांच्या अधिक सवयीची होती.

व्याजाचेही तसेच होते. दरमहा रुपयास एक पै व्याज म्हणजे वर्षाला रुपयामागे १२ पै, अर्थात एक आणा, म्हणजे सव्वासहा टक्के. १९०४ च्या कायद्यानंतर स्थापन झालेल्या सहकारी पतसंस्थांच्या अहवालांत सव्वानऊ किंवा दहा असे सोपे आकडे येण्याऐवजी ९⅜ टक्के व १२½ टक्के असे विचित्र वाटणारे दर आढळतात. त्यांचे मूळ याच रीतीत आहे: ते अनुक्रमे दरमहा रुपयास दीड पै व दोन पै यांचे रूपांतर आहेत. खेड्यातील सावकाराचा दर दरमहा रुपयास एक आणा असेल, तर तो वर्षाला ७५ टक्के होतो. सहकारी चळवळीचे उद्दिष्ट कर्जदारापुढे मांडण्यास आणा आणि पै या दोन शब्दांतील अंतर पुरेसे होते.

रेल्वेचे भाडे मैलास इतक्या पै असे आकारले जाई. अडीच पै दराने १०० मैलांच्या प्रवासाचे २५० पै, म्हणजे १ रुपया ४ आणे १० पै होतात. मालवाहतुकीचे दर त्याहून सूक्ष्म असत. मण व मैल यांच्या हिशेबाने ते पैच्या अपूर्णांकात काढले जात. टपाल खात्यात १८७९ मध्ये सुरू झालेले पोस्टकार्ड पाव आण्याला, म्हणजे तीन पैंना मिळे. १९२२ मध्ये त्याची किंमत सहा पै आणि १९३१ च्या अखेरीस नऊ पै झाली. तीन, सहा व नऊ पैंची तिकिटे त्या काळातील तिकीटसंग्रहांत नेहमी आढळतात. एक पैचे नाणे दुर्मीळ होत गेल्यावरही टपालाची किंमत पैंत छापली जात राहिली.

हिशेबातील स्थान

रक्कम लिहिताना रुपये, आणे व पै यांचे आकडे आडव्या रेघांनी वेगळे केले जात. ५-८-३ म्हणजे पाच रुपये आठ आणे तीन पै. वह्यांत व पावत्यांवर 'रु. आ. पै' असे तीन स्तंभ छापलेले असत. मराठीच्या जुन्या लेखनपद्धतीत पाव, अर्धा व पाऊण यांसाठी उभे दंड आणि आण्यांसाठी आडव्या किंवा तिरप्या रेघा वापरल्या जात. ही पद्धत चौथाईवर आधारलेली असल्यामुळे पैशाचा तिसरा भाग तिच्यात सहज बसत नव्हता; पैसाठी स्वतंत्र स्तंभ सोयीचा ठरला.

शाळेत रुपये-आणे-पैंची बेरीज करताना पैंचा हातचा बारावर व आण्यांचा हातचा सोळावर घ्यावा लागे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ही अपूर्णांकांची कोष्टके पाठ करून घेण्यामागे हे व्यावहारिक कारण होते. दशमान पद्धतीत वाढलेल्या वाचकाला हा सारा खटाटोप वाटतो, पण १९२ या संख्येचे काही फायदेही होते. तिला २, ३, ४, ६, ८, १२ व १६ या सर्वांनी निःशेष भाग जातो. डझनाची किंमत जितके आणे, तितक्या पै एका नगाला. हा हिशेब करण्यास कागद लागत नसे.

अस्त

पैला बाद करणारे मुख्य कारण महागाई हे होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात किमती झपाट्याने वाढल्या, तांब्याची टंचाई झाली आणि सुट्ट्या नाण्यांचा तुटवडा निर्माण झाला. एका पैचे नाणे पाडण्याचा खर्च व धातू तिच्या उपयोगाच्या मानाने जड होऊ लागला. १९४२ या सनाची नाणी ही शेवटची ठरली. १९४३ मध्ये सरकारने पैशाचेच नाणे बदलून मध्यभागी भोक असलेला कांस्याचा पैसा काढला. त्याचे वजन सुमारे दोन ग्रॅम होते. म्हणजे तिप्पट मूल्याचे हे नाणे जुन्या तांब्याच्या पैहूनही किंचित हलके होते.

नाणे १९४७ मध्ये बाद झाले, तरी हिशेबातून पै गेली नाही. बँका, सरकारी कार्यालये व दुकाने यांच्या वह्यांत तिसरा स्तंभ कायम होता. पाकिस्तानने तर स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात स्वतःच्या छापाची एक पैची कांस्य नाणी काढली. तेथे दशमान पद्धती १ जानेवारी १९६१ पासून आली.

भारतात १९५५ च्या दुरुस्ती कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक पै म्हणजे नव्या पैशाच्या निम्म्याहून किंचित अधिक, सुमारे ०.५२ नवा पैसा. जुनी आणि नवी नाणी काही काळ एकत्र चालल्यामुळे रूपांतराचा प्रश्न रोजच्या व्यवहारात आला. तीन पै म्हणजे १.५६ नवे पैसे, पूर्णांकात दोन. सहा पैंचे तीन, नऊ पैंचे पाच, तर आण्याचे सहा नवे पैसे धरले जात. परिणामी तीन पैंची वस्तू चार वेळा स्वतंत्रपणे घेणाऱ्यास आठ नवे पैसे पडत, आणि तीच एकदम घेणाऱ्यास सहा. थोडी-थोडी खरेदी करणाऱ्यालाच हा फरक सोसावा लागे. १ जून १९६४ पासून 'नवा' हे विशेषण वगळण्यात आले.

भाषेत आणि संग्रहात

मराठीत 'पै पै जोडणे', 'पै न पै चुकती करणे', 'पैचाही हिशेब ठेवणे', 'एक पैही न देणे' हे प्रयोग आजही वापरात आहेत. यांतील पै काटकसर, चोखपणा किंवा संपूर्ण नकार सुचवते. कवडी आणि दमडी हे शब्दही तुच्छ मूल्यासाठी वापरले जातात, परंतु 'फुटकी कवडी' म्हणताना जी हेटाळणी असते ती पैच्या वाक्प्रचारांत सहसा नसते. कवडी फेकली जाते. पै जोडली जाते.

नाणेसंग्राहकांच्या दृष्टीने व्हिक्टोरियाच्या व त्यानंतरच्या राजांच्या बहुतेक पै सहज मिळणाऱ्या आहेत, कारण त्या फार मोठ्या संख्येने पाडल्या गेल्या. मुंबई इलाख्याची तराजूची पै आणि मद्रासची १८२५ ची नाणी तुलनेने कमी आढळतात. सनाचे आकडे व मुकुटाखालील केसांच्या रेषा स्पष्ट असलेले नाणे अधिक मोलाचे मानले जाते. चलनात फिरलेल्या बहुसंख्य नाण्यांवर हेच भाग प्रथम झिजलेले दिसतात.